राजाच्या ससाण्याचा माणूस

नेदरलँड्समधल्या हेग शहरात माउरिट्सहाउस नावाचे एक देखणे संग्रहालय आहे. तिथे एक छोटे चित्र आहे. निळसर पार्श्वभूमी, त्यावर सोनेरी अक्षरे आणि समोर एक मध्यमवयीन, विरळ केसांचा, कमावलेला वाटावा असा इंग्रज गृहस्थ. अंगावर फरची किनार असलेला काळा झगा. डाव्या हातात चामड्याचा मोजा आणि त्या मोजावर बसलेला भला मोठा ससाणा. पक्ष्याच्या डोळ्यांवर टोपडे चढवलेले आहे. गृहस्थाचा उजवा हात पक्ष्याच्या छातीशी अलगद टेकलेला आहे, आणि नजर मात्र चित्राबाहेर, दूर कुठेतरी लागलेली आहे.

चित्रकार हान्स होल्बाइन. सोनेरी अक्षरे सांगतात की या माणसाचे नाव रॉबर्ट चीझमन, वय ४८, साल १५३३. म्हणजे इंग्लंडच्या गादीवर आठवा हेन्री असतानाचा काळ. हे चित्र कित्येक वर्षे ज्या नावाने ओळखले गेले ते नाव असे : ‘आठव्या हेन्रीचा फाल्कनर’. फाल्कनर म्हणजे ससाणे पाळून, त्यांना शिकारीसाठी तयार करून राजाच्या हातावर देणारा सेवक.

पुस्तकांत हेच छापले गेले, चित्रांच्या छापील प्रतींखाली हेच लिहिले गेले. पण इतिहासाच्या अभ्यासकाने एकच साधा प्रश्न विचारला : ‘कागद कुठे आहे?’ शोध घेतला तेव्हा चीझमनबद्दल बरेच कागद सापडले. तो लंडनच्या पश्चिमेला मिडलसेक्समध्ये राहणारा श्रीमंत जमीनदार होता. त्याचा बाप एडवर्ड हा सातव्या हेन्रीच्या पदरी हिशेबाच्या आणि जामदारखान्याच्या कामावर होता. १५३६ साली उत्तरेत बंड झाले तेव्हा राजाच्या फौजेला माणसे पुरवणाऱ्यांत रॉबर्टचे नाव येते. राजाची चौथी राणी, क्लीव्ह्जची ॲन, इंग्लंडात आली तेव्हा तिच्या स्वागताला जी प्रतिष्ठित मंडळी बोलावली गेली त्यांतही तो होता. एवढे सगळे मिळाले. राजाचा फाल्कनर म्हणून त्याची नेमणूक झाल्याचा कागद मात्र मिळाला नाही. पक्षी हातावर होता तो हौसेचा आणि इभ्रतीचा. आपल्याकडे जुन्या तसबिरीत सरदाराच्या हाती गुलाबाचे फूल दिसते म्हणून आपण त्याला माळी म्हणत नाही. इथे मात्र नेमके तसेच घडले होते!

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या प्रत्येकाने हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे असे मला वाटते. कारण इंग्लंडमध्ये अशी कितीतरी घरे आहेत, जिथे आजीने नातवाला सांगितलेले असते, ‘आपला मूळ पुरुष राजाचे ससाणे सांभाळत असे.’ आडनाव फाल्कनर, फॉकनर किंवा हॉकर असले की मग विचारायलाच नको. ही आठवण खरी कशी ठरवायची? आणि खरी ठरली, तर तिच्यातून नेमके काय हाती लागते? आज त्याच वाटेने थोडे चालून पाहू.

सुरुवात आडनावापासून करू. आपल्याला हे नवे नाही. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस ही नावे एकेकाळी हुद्दे होते, पुढे ती आडनावे झाली. पण आज ज्याचे आडनाव पोतनीस आहे तो खजिना सांभाळतो असे कोणी समजत नाही. इंग्लंडमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकांत आडनावे हळूहळू पक्की होत गेली. त्यानंतर फाल्कनर आडनावाचा माणूस विणकरही असू शकतो आणि पाववालाही. शिवाय ससाणे पाळणारे केवळ राजाकडेच नव्हते. सरदार, बिशप, मठाधिपती, सगळ्यांकडे होते. तेव्हा मूळ पुरुष फाल्कनर असला तरी तो ‘राजाचा’ होता हे वेगळे सिद्ध करावे लागते. हॉकर या नावाची तर आणखी गंमत आहे. ‘हॉक’ म्हणजे शिकारी पक्षी, त्यावरून हॉकर झाला; पण दारोदार माल विकणारा फेरीवाला, तोही हॉकरच, आणि तो शब्द अगदी वेगळ्या, उत्तर जर्मनीकडच्या मुळातून आलेला आहे. स्पेलिंगचा भरवसा तर मुळीच धरू नये. विल्यम फॉकनर या नोबेल विजेत्या अमेरिकन कादंबरीकाराच्या घरात आडनाव एका तऱ्हेने लिहीत असत. त्याने स्वतः त्यात एक जादा अक्षर घातले. एकाच पिढीत असे होते, तर आठशे वर्षांत काय झाले असेल?

म्हणून शहाणा संशोधक वरून खाली येत नाही, खालून वर जातो. आपल्या आजोबांपासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी मागे जायचे. इंग्लंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. १८४१ पासूनच्या जनगणनेत माणसांची नावे, राहण्याचे ठिकाण आणि धंदा मिळतो. त्यापूर्वीचा आधार म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. त्या वह्या आजही हजारोंनी टिकून आहेत. कुठे उंदरांनी कुरतडल्या, कुठे ओलीने गेल्या; आणि १६४२ नंतर राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले, तेव्हा अनेक गावी वर्षानुवर्षे नोंदीच झाल्या नाहीत. कितीतरी घराण्यांचा धागा त्या दोन दशकांत तुटतो.

इथे एक छोटा खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष १ जानेवारीला नव्हे तर २५ मार्चला सुरू होत असे. वहीत ‘फेब्रुवारी १६४०’ असे लिहिले असेल तर आपल्या हिशेबाने ते १६४१ असते. हे ध्यानात घेतले नाही तर नवऱ्याच्या दफनानंतर लग्न आणि लग्नाआधी मूल असल्या नसत्या कहाण्या तयार होतात, आणि एखाद्या गरीब बिचाऱ्या पणजीच्या नावाला विनाकारण बट्टा लागतो.

वह्यांच्या जोडीला मृत्युपत्रे. माणूस जिवंतपणी धंद्याबद्दल बोलला नसेल, पण मरताना पलंग, तांब्याची भांडी, घोड्याचे खोगीर कोणाला द्यायचे ते लिहून जातो आणि वर स्वतःची ओळखही लिहितो. मग दरबाराचे कागद. १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर परतला, तेव्हापासून १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणी होईपर्यंत राजवाड्यातल्या नोकरांच्या याद्या अभ्यासकांनी चिकाटीने तयार केल्या आहेत. ससाण्यांच्या खात्याचा प्रमुख, त्याच्या हाताखालचा सार्जंट, त्याच्या हाताखालचे साधे फाल्कनर अशी उतरंड त्यांत दिसते. आजीने सांगितलेला मूळ पुरुष या काळातला आणि पगारी असेल, तर तो या याद्यांत सापडण्याची बरीच शक्यता असते. याद्यांत नसेल, तर निदान कुठे शोधायचे नाही हे कळते. तेही काही थोडे नाही.

पण खरी मौज आहे ती याच्याही मागे, मध्ययुगात. तिथे जन्माच्या नोंदी नाहीत, जनगणना नाही. पण राजाचा फाल्कनर तिथे आपल्याला हमखास भेटतो, आणि तो भेटतो पैशाच्या हिशेबात. राजाला शिकार फार प्रिय होती, आणि राजाचे कारकून फार काटेकोर होते!

१०८६ साली विल्यम विजेत्याने सगळ्या राज्याची मोजदाद करून जे ‘डूम्सडे बुक’ तयार करवले, त्यात नांगर, गिरण्या, डुकरे यांच्याबरोबर शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांचीही नोंद आहे. अमुक जंगलात एक घरटे, तमुक ठिकाणी एक. कारण घरटे ही मालमत्ता होती. बाराव्या शतकापासून खजिन्याच्या वार्षिक हिशेबाच्या चामडी गुंडाळ्या मिळतात. त्यांतली सगळ्यात जुनी टिकलेली गुंडाळी ११३० सालची आहे. राजाचे देणे कित्येकदा नाण्यांत नव्हे तर ससाण्यांत फेडले जाई. नॉर्वेकडून आलेला जिरफाल्कन हा सगळ्यांत मोठा, सगळ्यांत दुर्मीळ, आणि पांढरा असेल तर अमोल. आकाशातून झेप घेऊन करकोच्यासारखा मोठा पक्षी तो खाली आणत असे.

या कागदांत एक घराणे सतत डोकावते. हॉव्हिल हे त्याचे नाव. मूळचे नॉर्मंडीकडचे, इंग्लंडमध्ये नॉर्फक परगण्यातल्या डंटन गावी स्थिरावलेले. दुसऱ्या हेन्रीपासून पहिल्या एडवर्डपर्यंत, म्हणजे ढोबळमानाने ११५४ ते १३०७ या दीडशे वर्षांत, या घरातले पुरुष राजाचे ससाणे सांभाळताना दिसतात. डंटनची जमीन त्यांच्याकडे होती ती याच कामाच्या मोबदल्यात. इंग्रजी कायद्यात या पद्धतीला ‘सार्जंटी’ म्हणत. आपल्याला ती समजावून सांगायला नको. वतन म्हटले की पुरे. सेवा करायची, जमीन खायची. बापामागे मुलाने सेवा उचलायची, जमीनही त्याच्याकडे जायची. कोणाकडे राजाचे भाले वाहण्याची सेवा, कोणाकडे शिकारी कुत्र्यांची, हॉव्हिलांकडे ससाण्यांची.

घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला यासारखे सुख नाही. वतन म्हटले की वाद आला, वारस आला, चौकशी आली, आणि चौकशी आली की कागद आला! वतनदार मेला की राजाचा अधिकारी गावात येई, बारा भल्या माणसांना शपथेवर विचारी : मयताकडे किती जमीन होती, कोणत्या सेवेवर होती, वारस कोण, त्याचे वय काय? तेराव्या शतकापासूनच्या अशा चौकश्या हजारोंनी टिकून आहेत. वारस अज्ञान असेल तर पुढे तो सज्ञान झाल्याचा पुरावा द्यावा लागे. जन्मदाखला तर नाही. मग शेजारीपाजारी साक्ष देत : ‘मला आठवते, कारण त्याच वर्षी माझे घर जळाले’, ‘त्याच आठवड्यात माझी मुलगी झाली.’ यांतल्या काही साक्षी ठरीव साच्याच्याही असत. कारकुनाने तीच वाक्ये फिरवून लिहिलेली असत. तरीही त्या वाचताना सातशे वर्षांपूर्वीचे एक गाव क्षणभर बोलू लागते.

मात्र हॉव्हिलांच्या बाबतीत एक डोकेदुखी आहे. राल्फ, हेन्री, ह्यू, टॉमस ही नावे पुन्हापुन्हा येतात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल तिकडेही होतीच. कागदावर नुसते ‘ह्यू द हॉव्हिल’ लिहिलेले असते. हा काका की पुतण्या? मग जमिनीचा तुकडा धरून, सालागणिक, माणूस वेगळा करावा लागतो. ज्या हौशी वंशावळकाराला घाई असते, तो दोन ह्यू जोडून एक करतो आणि ऐंशी वर्षे नोकरी केलेला एक अजब पुरुष जन्माला घालतो.

या लोकांचे काम होते तरी कसे? जॉन राजाच्या काळातली पत्रे टिकून आहेत. हा तोच जॉन, ज्याला १२१५ मध्ये ‘मॅग्ना कार्टा’वर मोहोर उमटवावी लागली. एका पत्रात तो आपल्या अधिकाऱ्याला कळवतो की आम्ही काही जिरफाल्कन पाठवत आहोत, त्यांना चांगले पोसलेले मांस, अधूनमधून कोंबडी आणि आठवड्यातून एकदा सशाचे मांस मिळेल असे पाहा, आणि राखणीला चांगले कुत्रे ठेवा. त्यांतल्या एका पक्ष्याचे नावही पत्रात आहे : गिबन. याहून चांगला पक्षी आपल्याकडे नाही, असे राजा कौतुकाने लिहितो. राज्यात बंडाळी माजलेली, पोपशी भांडण चाललेले, आणि राजाला चिंता गिबनच्या जेवणाची! डिसेंबर १२१२ मध्ये एका सणाच्या पवित्र दिवशी या राजाने शिकार केली आणि सात करकोचे मारले. प्रायश्चित्त म्हणून दर करकोच्यामागे ५० याप्रमाणे ३५० गरिबांना जेवू घातल्याचा खर्च हिशेबात आहे. पहिला एडवर्ड तर याच्याही पुढचा. त्याचा आवडता ससाणा आजारी पडला की त्याची मेणाची प्रतिमा करून तो संताच्या समाधीस्थानी वाहत असे. आपल्याकडे नवसाचा चांदीचा डोळा किंवा पाळणा वाहतात, तसेच.

राजांची नावे आपल्याला पाठ असतात. पण गिबनला रोज हातावर घेणारा कोण होता? ससाणा हा कुत्र्यासारखा माणसाळत नाही. तो माणसाचा होत नाही, फक्त माणसाची सवय करून घेतो. नवा धरलेला पक्षी आणला की फाल्कनर त्याला हातावर घेऊन रात्र रात्र जागत बसे. पक्ष्याला झोपू द्यायचे नाही आणि आपणही झोपायचे नाही. एक रात्र, दुसरी रात्र, कधी तिसरीसुद्धा. शेवटी दमून पक्षी त्या हातावरच मान टाकतो, आणि तिथून दोघांचा संबंध सुरू होतो. पायात मऊ चामड्याच्या वाद्या, घुंगरू, डोळ्यांवर टोपडे. रोज वजनाचा अंदाज घ्यायचा. पोट भरलेला पक्षी परत येत नाही, आणि फार भुकेला ठेवला तर उडायला ताकद राहत नाही. या दोहोंमधली जी बारीकशी रेघ आहे, तिच्यावर फाल्कनरचे सगळे शास्त्र उभे. तिसऱ्या हेन्रीचा मेहुणा, सम्राट दुसरा फ्रेडरिक, याने तेराव्या शतकात ससाण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. फाल्कनर कसा असावा याबद्दल त्याची मते स्पष्ट आहेत : तो झोपाळू नको, कारण रात्री घुंगरू वाजले तर ऐकू यायला हवे; दारुडा नको; आणि तापट तर नकोच नको.

वर्षातून एकदा पक्ष्याची पिसे गळतात आणि नवी येतात. त्या महिन्यांत त्याला शिकारीला नेत नाहीत, निवांत कोठडीत ठेवतात. या कोठड्यांना इंग्रजीत ‘म्यूज’ म्हणत. लंडनमध्ये चेरिंग क्रॉसपाशी राजाच्या ससाण्यांची म्यूज होती. १३८९ साली राजाच्या इमारतींचा कारभारी म्हणून जो माणूस नेमला गेला, त्याच्या यादीत वेस्टमिन्स्टरचा राजवाडा, लंडनचा टॉवर आणि ही म्यूजही होती. त्या कारभाऱ्याचे नाव जेफ्री चॉसर, इंग्रजी कवितेचा आद्यपुरुष! १५३४ साली ही म्यूज आगीत जळाली. पुन्हा बांधली ती घोड्यांचा तबेला म्हणून. पण नाव तेच राहिले. तेव्हापासून तबेल्याला म्यूज म्हणू लागले. पुढे मोटारी आल्या, तबेल्यांची घरे झाली, आणि आज लंडनच्या महागड्या वस्त्यांत गल्ल्यांच्या पाट्यांवर ‘म्यूज’ हा शब्द दिसतो. तिथे राहणाऱ्याला पिसे गाळणाऱ्या ससाण्याची आठवण कशाला होईल?

आता आपल्या आजीच्या गोष्टीकडे परत येऊ. तेराव्या शतकाच्या मध्यावर राजाच्या अधिकाऱ्यांनी अशा सेवावतनांची मोठी झडती घेतली. अनेक वतनदारांनी जमीन परस्पर विकली होती, वाटली होती. सेवा करणारा कोणीच उरला नव्हता. अशा ठिकाणी सेवा बंद करून रोख पट्टी बसवली गेली. पुढे ससाण्यांचे काम हळूहळू पगारी नोकरांकडे गेले. म्हणजे घराण्याच्या शोधात इथे एक मोठा सांधा येतो. त्याच्या मागे जमिनीचे कागद पाहायचे, त्याच्या पुढे पगाराचे. पगारी फाल्कनरचा मुलगा फाल्कनर होईलच असे नाही, आणि त्याच्याकडे जमीन नसल्याने चौकशीही नाही. म्हणून गंमत अशी की तेराव्या शतकातला हॉव्हिल आपल्याला नीट सापडतो, आणि त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी आलेला साधा फाल्कनर गर्दीत हरवतो. पक्ष्याच्या मांसाचा खर्च लिहिलेला असतो, घुंगरांचा असतो. शेजारी ‘फाल्कनरास मजुरी, इतके पेन्स’ एवढेच. कधी नाव, कधी तेही नाही.

आणि त्या घरातल्या बायका? त्या तर आणखी पुसट. वतन मुलीकडे गेले तर चौकशीत तिचे नाव येते, पण पाठोपाठ नवऱ्याचे आडनाव लागते आणि घराण्याचा माग दुसऱ्याच नावाखाली जातो. ज्याला फक्त आपल्याच आडनावाची माणसे गोळा करायची आहेत त्याच्या हातून निम्मा इतिहास निसटतो, तो असा.

याच्या अगदी उलटे उदाहरणही इंग्लंडमध्ये आहे. दुसरा चार्ल्स आणि नेल ग्विन ही नटी यांचा मुलगा चार्ल्स बोक्लर्क. थिएटरात संत्री विकता विकता रंगभूमीवर आलेल्या या बाईच्या मुलाला बापाने १६८४ साली ड्यूक ऑफ सेंट ऑल्बन्स केले. या घराण्याकडे एक किताबही आला : इंग्लंडचा वंशपरंपरागत मुख्य फाल्कनर. तोपर्यंत बंदुका आल्या होत्या. बार काढला की पक्षी पडतो, मग रात्र रात्र जागायचे कशाला? शेतांना कुंपणे पडत होती, मोकळी माळराने कमी होत होती. दरबारातून ससाणे ओसरले, किताब मात्र पिढ्यान् पिढ्या चालत राहिला. असे सांगतात की १९५३ मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाला त्या वेळच्या ड्यूकने हातावर जिवंत ससाणा घेऊन यायचे ठरवले. पेंढा भरलेला आणा, असे त्याला कळवण्यात आले. ड्यूक गेलाच नाही! हकीकत शब्दशः तशीच असो वा नसो, एवढे खरे की या घराण्याची वंशावळ पिढीन्‌पिढी छापील मिळते, एकही दुवा निखळलेला नाही. कमी आहे ती फक्त ससाण्याची.

मग ही विद्या जिवंत कोणी ठेवली? अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधल्या हौशी सरदारांनी कसबी माणसे आणली ती हॉलंडमधून, फाल्कन्स्वार्ड नावाच्या गावातून. या गावाजवळच्या माळावरून शरद ऋतूत ससाणे दक्षिणेकडे जात. ते जाळ्यात धरण्यावर आणि शिकवण्यावर तिथली घरेच्या घरे जगत. काही काम स्कॉटलंडमधल्या साध्या माणसांनी केले. १९२७ साली ब्रिटिश फाल्कनर्स क्लब स्थापन झाला आणि दरबाराबाहेर ही विद्या आजवर टिकली. किताब एका घरात राहिला, कसब दुसऱ्यांच्या हातांत गेले.

म्हणून कोणी मला विचारले की ‘आमचा मूळ पुरुष राजाचा फाल्कनर होता, हे लिहू का?’ तर मी म्हणेन, आधी दोन वह्या करा. एकीत कागदाने सांगितलेले लिहा, सालासकट. दुसरीत घरात सांगत आलेले लिहा, आणि कोणी सांगितले तेही लिहा. दोन्ही जपा, पण एकीतले दुसरीत घालू नका. आजीची गोष्ट खोटी ठरली तरी ती फेकून देऊ नये. घरातल्या माणसांना कशाचा अभिमान वाटत होता, हे त्या गोष्टीतूनच कळते. आणि तोही त्या घराचा इतिहासच आहे. चीझमनच्या चित्राचे नेमके तेच आहे. तो राजाचा फाल्कनर होता असे चित्र सांगत नाही. आपली आठवण हातावर ससाणा घेऊन राहावी असे त्याला वाटले, एवढे मात्र ते नक्की सांगते.

योगायोग पाहा. होल्बाइनने त्याच १५३३ साली ‘राजदूत’ हे आपले जगप्रसिद्ध चित्र रंगवले. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आणि ट्रफल्गार चौकातली ही नॅशनल गॅलरी उभी आहे ती राजाच्या जुन्या म्यूजच्याच जागेवर. लंडनला गेलेल्या आपल्यापैकी कित्येकांनी त्या पायऱ्यांवर बसून कबुतरे पाहिली असतील, फोटो काढले असतील. तिथेच कुठेतरी, जमिनीखाली, सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या कोठड्या होत्या.

वंशावळीच्या या सगळ्या शोधात एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. त्या काळी ससाणे पिंजऱ्यात पैदा करता येत नसत. घोड्यांच्या वंशावळी होत्या, शिकारी कुत्र्यांच्या होत्या, ससाण्याची नव्हती. प्रत्येक पक्षी रानातून, कड्यावरून, घरट्यातून नवा आणलेला. बापाने शिकवलेला पक्षी मुलाला वारशाने मिळत नसे. जमीन मिळे, किताब मिळे, आडनाव मिळे. पण नवा पक्षी हातावर आला की हॉव्हिलांच्या पाचव्या पिढीतल्या मुलालाही पहिल्या पिढीसारखेच, दिवा मंद करून, रात्रभर जागत बसावे लागे. आपला हात त्याला ओळखीचा होईपर्यंत.